नव्या शहरातला पगार खरंच जास्त आहे का?

ऑफर लेटरवरचा वार्षिक आकडा मी आधी बाजूला ठेवते. कर आणि इतर कपात जाऊन महिन्याला हातात किती पडणार, तेवढंच कागदावर घ्यायचं. बोनस त्यात धरू नका.

मग राहणीमान-खर्चाचा निर्देशांक, म्हणजे एक शहर दुसऱ्याच्या तुलनेत किती महाग ते सांगणारा आकडा. सध्याच्या शहराचा 80 आणि नव्याचा 100 असेल, तर आजचं राहणीमान टिकवायला हातातला पगार सव्वापट हवा. इथे बरेच जण फसतात: शहरांच्या खर्चाची तुलना देणाऱ्या नंबिओ या वेबसाइटच्या मूळ राहणीमान-खर्च निर्देशांकात घरभाडं धरलेलंच नसतं, भाड्यासकटचा वेगळा असतो. तोच बघा. तरी ती सरासरीच. म्हणून जिथे खरोखर राहाल त्याच भागातल्या भाड्याच्या जाहिराती चाळा. लांबचं घर स्वस्त दिसतं, पण त्याच्या भाड्यात रोजच्या प्रवासाचा खर्च मिळवा आणि मगच तुलना करा. जोडीदाराची नोकरी सुटणार असेल, तर तो पगारही वजा करा. हे सर्रास विसरलं जातं.

सामान हलवणं, दलाली हा एकदाचा खर्च. त्याला दरमहा वाढणाऱ्या बचतीने भागा. उत्तर 20 आलं, तर पहिले 20 महिने नुसती भरपाई. तेवढ्यात पुन्हा बदली होण्याची शक्यता असेल, तर हा खर्च मी कंपनीकडे आधीच मागेन, तोही लेखी.