पाळीआधीचा आठवडा: पीएमएसवर घरी उपाय करताना या चुका टाळा

पाळी यायच्या आधी पोट गच्च होतं, छाती जड वाटते, क्षुल्लक गोष्टीवरून रडू येतं, आणि त्या दिवसांत भांडी जरा जास्तच जोरात आपटली जातात. पाळीआधीच्या अशा त्रासाला पीएमएस (प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम) म्हणतात. त्यावर कुणी ओवा सांगतं, कुणी गोळी. यातले बरेच उपाय फुकट जातात, कारण ते चुकीच्या दिवशी किंवा भलत्याच त्रासावर केलेले असतात.

चूक: तारखा न बघता ‘हे पीएमएसच’ असं धरून चालणं

पीएमएस ओळखायचा तो लक्षणांपेक्षा तारखांवरून. चिडचिड, थकवा, डोकेदुखी या तक्रारी शंभर कारणांनी होतात. पाळीआधीच्या दिवसांत त्या सुरू होतात, रक्तस्राव सुरू झाल्यावर साधारण चार दिवसांत ओसरतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तशाच येतात, तेव्हाच त्याला पीएमएस म्हणायचं. रक्ताच्या तपासणीत हे सापडत नाही. हॉर्मोन्सची पातळी बहुतेकींची अगदी नॉर्मल असते. त्या नेहमीच्याच चढउताराला काहीजणींचा मेंदू जास्त तीव्र प्रतिसाद देतो, एवढाच फरक. त्यामुळे महागड्या ‘हॉर्मोन प्रोफाइल’वर खर्च करण्याआधी एक वही घ्या.

कालनिर्णयवर पाळीच्या तारखेभोवती गोल करण्याची सवय अनेक घरांत आहे. तेवढ्यानं भागत नाही. तुम्हाला सर्वांत छळणारी चार-पाच लक्षणं निवडा आणि रोज रात्री प्रत्येकाला 0 ते 3 गुण द्या. 0 म्हणजे काही नाही, 3 म्हणजे काम थांबलं. नोंद अशी दिसेल: ‘दिवस 22: चिडचिड 2, पोट फुगणं 3, झोप 1, छाती 2’. सलग दोन पाळ्या हे करा. आठवड्याचं एकदम रविवारी लिहू नका. वाईट दिवस जास्त आठवतात आणि बरे दिवस विसरले जातात.

मोजणीत दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. आदल्या दिवशीचा डाग धरायचा नाही, आणि पाळी संपल्यापासून तर मोजायचंच नाही. दुसरं, बीज चौदाव्या दिवशीच सुटतं हे सगळ्यांना लागू नाही. ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी सुटतं. तुमचं चक्र 35 दिवसांचं असेल तर हा दिवस एकविसावा येतो आणि त्रास त्यानंतरचा. चौदाव्या-पंधराव्या दिवशीची चिडचिड मग पीएमएसच्या खात्यात टाकता येत नाही.

वही वाचताना आधी पाळी संपल्यानंतरचा आठवडा बघा. तिथं जवळपास सगळी शून्यं असतील तर पीएमएसची शक्यता मोठी. तिथंही 1 आणि 2 असतील आणि पाळीआधी त्यांचे 3 होत असतील, तर मूळ दुखणं वेगळं आहे आणि पाळीआधी ते वाढतंय. नैराश्य, मायग्रेन, दमा यांत हे सर्रास होतं. महिनाभर थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यातल्या कित्येकींचा थकवा ‘पाळीमुळे होतं गं’ म्हणून सोडून दिला जातो.

चूक: कॅल्शियमची गोळी पंधरा दिवस घेऊन सोडून देणं

घरगुती उपायांत बऱ्यापैकी पुरावा असलेला उपाय कॅल्शियमचा. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांची लक्षणं तिसऱ्या चक्रापर्यंत जवळपास निम्म्यानं कमी झाली. औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीनंही सुमारे 30 टक्के फरक पडला होता, हेही लक्षात ठेवा. मुद्दा ‘तिसऱ्या चक्रापर्यंत’ हा आहे. ही गोळी रोज घ्यायची असते, फक्त पाळीआधी नाही, आणि निकाल तीन महिन्यांनी बघायचा असतो.

त्याआधी ताटात किती आहे ते मोजा. 200 मिली दूध म्हणजे साधारण 240 मिलिग्रॅम, वाटीभर (150 ग्रॅम) दही म्हणजे 180च्या आसपास, 50 ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी म्हणजे जवळपास 180. त्यावर तिळाची चटणी. असं रोज होत असेल तर प्रौढ स्त्रीच्या 1000 मिलिग्रॅमच्या गरजेतला निम्म्याहून जास्त भाग जेवणातूनच भागतो आणि एक गोळी पुरते.

गोळीच्या पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिग्रॅ’ असं मोठ्या अक्षरात असतं. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिलिग्रॅमच. ही गोळी जेवणाबरोबर घ्या, कारण कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. एका वेळी 500च्या वर घेतलं तर नीट शोषलं जात नाही. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. मूतखडा झालेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

बी6 जीवनसत्त्वाचा काहीजणींना उपयोग होतो, पण ‘विटामिनच तर आहे’ म्हणून दोन-तीन गोळ्या एकत्र घेण्यात धोका आहे. जास्त मात्रा फार दिवस चालली तर नसांना इजा होऊन हातापायाला मुंग्या येतात. मग मुंग्यांसाठी जी गोळी आणली जाते तिच्यातही बहुधा बी6 असतं! सगळ्या पाकिटांवरची मात्रा एकत्र जोडून बघा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जास्त मात्रेच्या वाटेला जाऊ नका.

चूक: भाजीतलं मीठ कमी आणि चिवडा चालू

पोट फुगतं म्हणून आमटी अळणी करायची आणि चारच्या चहाबरोबर फरसाण खायचं, याला काही अर्थ नाही. दिवसभराचं मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. त्यात पापड, लोणचं, वेफर्स सगळं आलं. खरं तर मीठ कमी करून पीएमएस बरा होतो असा ठोस पुरावा नाही, पण फुगणं हीच मुख्य तक्रार असेल तर त्या आठवड्यात करून बघायला हरकत नाही. पाणी मात्र तोडू नका. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर परस्पर अजिबात घेऊ नका.

उपवास त्या आठवड्यात आला तर दिवसभर चहावर काढून रात्री साबुदाण्याची खिचडी खाणं फार महागात पडतं. चिडचिड, डोकेदुखी भुकेनं वाढते. तीन-चार तासांनी थोडं थोडं खा: राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाणे, फळं. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. पाळीआधी शरीराचं तापमान किंचित वाढलेलं असतं आणि झोप आधीच कच्ची असते.

चूक: सगळ्यावर एकच वेदनाशामक

मेफेनामिक अ‍ॅसिडसारख्या गोळ्या पाळीच्या कळांवर चालतात. चिडचिडीवर आणि रडू येण्यावर त्यांचा उपयोग नाही. रिकाम्या पोटी घेऊ नका. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर स्वतःहून घेऊच नका. गोळीनंतर अंगावर पुरळ, ताप, गाठी आल्या तर ती लगेच बंद करून दवाखाना गाठा. भारतीय औषधसंहिता आयोगानं 2023 च्या अखेरीस याच दुष्परिणामाचा इशारा दिला होता. कळा दरवर्षी वाढत असतील, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर एंडोमेट्रिऑसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) शंका घेऊन तपासून घ्यावं.

चूक: गणपती, लग्न, पूजा आली की पाळी पुढे ढकलणं

नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या मेडिकलमधून बिनबोभाट आणल्या जातात. पाळी त्यानं लांबते, पण पोट फुगणं, छाती दुखणं, मन उदास होणं हे त्या गोळीचेही परिणाम आहेत, म्हणजे टाळायला गेलो तेच जास्त दिवस राहतं. गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. रक्ताच्या गुठळीचा, यकृताचा किंवा स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर ही गोळी धोक्याची आहे. असं चक्र वहीत मोजू नका, ते खोटं चित्र दाखवतं.

चूक: त्रास सुरू झाल्यावर चालायला लागणं

पोट दुखतंय त्या दिवशी तासभर चालण्यापेक्षा महिनाभर आठवड्यातून पाच दिवस 30 मिनिटं भरभर चालणं उपयोगी पडतं. घरच्यांना तारखा आधी सांगून ठेवा. पाहुणे, परीक्षेचा अभ्यास, मोठी कामं त्या आठवड्यात न ठेवणं दोन्हीकडून सोपं जातं. मात्र प्रत्येक वादात ‘पाळी जवळ आली का?’ असं विचारण्यासाठी ही वही नाही.

चूक: तीव्र उदासी ‘सहन’ करणं

दर महिन्याला पाळीआधी जगणं नकोसं होत असेल, नोकरी किंवा नातं तुटायच्या बेतात येत असेल, तर तो पीएमडीडी, म्हणजे पीएमएसचा फार तीव्र प्रकार, असू शकतो आणि त्यावर ओवा-कॅल्शियम पुरत नाही. त्यावर औषधं आहेत. नैराश्यावरच्या काही गोळ्या फक्त पाळीआधीचे दोन आठवडे देऊनही चालतं, पण हे ठरवायचं डॉक्टरांनी. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना दोन चक्रांची वही बरोबर न्या. मरणाचे विचार येत असतील तर वही पूर्ण व्हायची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो आणि तिथं मराठीतही बोलता येतं.