सिग्नल जनरेटर, सर्व्हिस मॉनिटर दुरुस्तीला टाकताय? या चुका टाळा

जुना सिग्नल जनरेटर (चाचणीसाठी ठरावीक रेडिओ सिग्नल देणारं यंत्र), सर्व्हिस मॉनिटर (रेडिओसेट तपासायचं यंत्र) किंवा स्पेक्ट्रम ॲनालायझर (सिग्नलची फ्रिक्वेन्सी आणि ताकद दाखवणारं यंत्र) बिघडला की हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी आणि वॉकी-टॉकी दुरुस्त करणारे छोटे वर्कशॉपवाले आधी एकच गोष्ट विचारतात, "स्वस्तात कोण करून देईल?" मीही तेच विचारायचो. आता आधी विचारतो, "दुरुस्तीनंतर हे बरोबर दाखवतंय, हे तुम्ही कशावर तपासणार?" रेडिओ बिघडला तर आवाजावरून लगेच कळतं. मोजणारं यंत्र मात्र व्यवस्थित चालू दिसतं, चुकीचा आकडा दाखवतं, आणि त्या आकड्यावर विसंबून आपण दहा चांगले रेडिओ बिघडवून ठेवतो.

लक्षण नीट न पाहता यंत्र पाठवणं

माझ्या जनरेटरची लेव्हल, म्हणजे बाहेर येणाऱ्या सिग्नलची ताकद, कमी येत होती. सगळ्यात कमी दर सांगणाऱ्या दुकानात तो दिला आणि चिठ्ठीवर "आउटपुट कमी" एवढंच लिहिलं. त्यांनी -२० डीबीएमला (डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत सिग्नलची ताकद) मोजलं, आतला प्रीसेट (जुळवणीचा छोटा स्क्रू) फिरवून तिथला आकडा जुळवला आणि यंत्र परत दिलं. घरी पाहतो तर -२० बरोबर, पण ० आणि -१० ला लेव्हल ३ डीबी जास्त. मूळ दोष स्टेप ॲटेन्युएटरच्या (सिग्नल टप्प्याटप्प्याने कमी करणाऱ्या भागाच्या) एका टप्प्यातल्या झिजलेल्या संपर्कात होता. दुसऱ्या ठिकाणी तो दुरुस्त झाला, पण फिरवलेला प्रीसेट जागेवर आणायला सगळी लेव्हल पुन्हा जुळवावी लागली. दोन बिलं भरली, आणि दुसरं पहिल्याच्या दुप्पट होतं.

हे घरीच कळलं असतं. फ्रिक्वेन्सी तीच ठेवायची, लेव्हल १०-१० डीबीने खाली आणायची आणि टायनीएसएसारख्या छोट्या ॲनालायझरवर प्रत्येक पायरीचा आकडा वहीत लिहायचा. ठरावीक लेव्हललाच फरक पडत असेल तर संशय ॲटेन्युएटरवर. सगळीकडे सारखाच फरक असेल तर आधी केबल आणि कनेक्टर बदलून पाहा. लेव्हल तीच ठेवून फ्रिक्वेन्सी बदलल्यावर फरक वाढत गेला, तर तेही वेगळं लिहून ठेवा. हा कागद यंत्रासोबत पाठवला की कारागिराचा शोधण्याचा वेळ वाचतो, आणि मजुरी बहुतेक त्या वेळाचीच असते.

पॉवर सप्लायच्या बिघाडाला मोठा बिघाड समजणं

यंत्र अजिबात चालू होत नाही म्हणजे ते गेलं, असं नसतं. अमेरिकेतून आलेल्या सेकंडहँड यंत्राचा मागचा व्होल्टेज सिलेक्टर पुष्कळदा ११५ वर असतो, आणि आपल्याकडे ते थेट २३० ला लावलं जातं. मग फ्यूज उडतो, कधी त्यासोबत सर्ज रोखणारा व्हॅरिस्टरही जातो. तीस-चाळीस वर्षांच्या यंत्रात मेन्स फिल्टरमधला पारदर्शक पिवळसर कपॅसिटर तडकून धूर सोडतो. वास भयंकर येतो, पण भाग किरकोळ किमतीचा असतो. कोकणपट्टीत पावसाळ्यानंतर तर कितीतरी यंत्रं फक्त बोर्डांचे कनेक्टर काढून, साफ करून, परत बसवल्यावर चालू होतात. एवढं करायला साधा चांगला इलेक्ट्रॉनिक्स कारागीर पुरतो, आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) लॅबचे दर मोजायची गरज नाही. पिक्चर ट्यूबचं किंवा स्विचिंग सप्लायचं यंत्र मात्र सवय नसेल तर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा चार्ज राहू शकतो.

कॅलिब्रेशन आणि दुरुस्ती एकच समजणं

कॅलिब्रेशन लॅब यंत्र किती चुकतंय ते मोजून कागदावर देते. ते जुळवणं हे वेगळं काम, आणि दोष काढणं त्याहून वेगळं. बिघडलेलं यंत्र कॅलिब्रेशनला टाकलं तर पैसे देऊन फक्त "मर्यादेबाहेर" एवढा शेरा हाती येतो. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेचं नाव पाहून निश्चिंत होऊ नका, त्या लॅबचा मान्यतेचा स्कोप वाचा. मान्यता डीसी व्होल्टेज आणि तापमानाला असेल, तर तुमच्या ४३५ मेगाहर्ट्झच्या आरएफ पॉवरला तिचा उपयोग नाही. आणि खरं सांगायचं तर हौशी कामासाठी दरवर्षी सर्टिफिकेट लागतही नाही. मित्राकडच्या जीपीएसच्या अचूक वेळेवर बांधलेल्या १० मेगाहर्ट्झच्या संदर्भ सिग्नलशी फ्रिक्वेन्सी ताडून पाहिली तरी बरंच काम भागतं.

फक्त आकडा विचारून दुकान ठरवणं

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाजवळचा बाजार कपॅसिटर, रिले, कनेक्टर, बॅटरीसाठी उत्तम. पण जुन्या आरएफ ट्रान्झिस्टरवर नवा छाप मारून विकण्याचे प्रकार होतात, म्हणून भाग कुठून आणणार हे विचारा. तपासणीचे पैसे वेगळे का, दुरुस्त झालं नाही तर किती द्यायचे, ठरलेल्या रकमेपेक्षा खर्च वाढला तर आधी फोन करणार का, जुने भाग परत मिळतील का, आधीचे आणि नंतरचे रीडिंग लिहून देणार का, हे सगळं काम देण्याआधी ठरवून घ्या. रीडिंग द्यायला का-कू करणाऱ्याकडे मी आता यंत्र ठेवत नाही.

आणखी एक प्रश्न विसरू नका. बॅकअप बॅटरी बदलणार असाल तर आतला डेटा आधी वाचून ठेवणार ना? टेक्ट्रॉनिक्सच्या २४६५बीसारख्या ऑसिलोस्कोपमध्ये कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. ते पुसले गेले तर शंभर-दोनशे रुपयांच्या कामापायी पूर्ण ॲडजस्टमेंट करावी लागते.

सर्व्हिस मॅन्युअल मिळवून कारागिराला द्या. एचपीची मोजमापाची शाखा १९९९ मध्ये एजिलंटकडे गेली आणि २०१४ मध्ये कीसाइट झाली, म्हणून कितीतरी जुन्या एचपी यंत्रांची मॅन्युअल कीसाइटच्या साइटवर मोफत सापडतात.

दुरुस्त करून पुन्हा तेच करणं

ॲनालायझरचं इनपुट जळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे वॉकी-टॉकी थेट त्याला जोडून पीटीटी (बोलायचं बटण) दाबणं. बऱ्याच ॲनालायझरची मर्यादा १ वॅट, म्हणजे +३० डीबीएम असते, छोट्यांची त्याहून कमी. हँडसेट ५ वॅट देतो. मध्ये ३० डीबीचा, ५ वॅटहून जास्त पेलणारा ॲटेन्युएटर लावला की पुढे जेमतेम ५ मिलिवॅट पोचतात. सर्व्हिस मॉनिटरला पुष्कळदा दोन पोर्ट असतात. एक ट्रान्समीटरची पॉवर पेलतो, दुसरा नाजूक, ॲन्टेनासाठी. त्या दुसऱ्यावर लाल टेप लावून ठेवा.

कुरियरने पाठवताना पुढच्या पॅनेलची बटणं आणि एन कनेक्टर खोक्याला टेकू देऊ नका. खोक्यात खोकं, मध्ये चारही बाजूंनी फोम, आणि प्रवासाचा विमा. परत आल्यावर अर्धा तास तापू द्या, मग वहीतले तेच आकडे त्याच क्रमाने पुन्हा घ्या, वॉरंटीची मुदत संपायच्या आत.