नव्या फुटबॉल लीगमधल्या नव्या क्लबनं बोलावलंय? सही करायच्या आधी हे वाचा

नागपूरकडे कामठी, मोमिनपुरा, मोतीबाग इकडे फुटबॉल खेळणाऱ्या पोट्ट्यांना फोन येऊन राहिले की नवीन लीग सुरू होतेय, नवीन प्रोफेशनल क्लब आहे, महिन्याचे एवढे देतो, परवा ट्रायलला ये. मी स्वतः असाच एका नव्या क्लबकडून खेळलोय, दोन महिने पगार आला आणि पुढचे तीन बुडाले, म्हणून हे लिहून राहिलो. जाऊ नका असं अजिबात म्हणत नाही, नवीन क्लबमध्ये आपल्यासारख्यांना पहिल्या अकरात जागा मिळते, जी मोठ्या क्लबात मिळत नाही. जा, पण कागद बघून जा.

सगळ्यात आधी लीगला मान्यता आहे का ते विचारा. क्लबवाल्याला नाही, जिल्हा असोसिएशनला किंवा विफाला, म्हणजे आपल्या राज्याच्या फुटबॉल असोसिएशनला. एआयएफएफची (देशाची फुटबॉल फेडरेशन) किंवा राज्य असोसिएशनची परवानगी नसेल तर पगार अडकल्यावर फेडरेशनकडे दाद मागायला जागाच राहत नाही. आणि मोठी नावं बघून भुलू नका भाऊ. 2012 मध्ये बंगालात प्रीमियर लीग सॉकर म्हणून निघाली होती, क्रेस्पो, कॅनाव्हारो, पिरेस अशा परदेशातल्या नावाजलेल्या खेळाडूंवर कोलकात्यात बोली लागली, आणि एकही मॅच झाली नाही. आपली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, तर 2014 पासूनची, तरी जुलै 2025 मध्ये तिचा पुढचा सीझन होल्डवर गेला आणि काही क्लबनी पगार थांबवले. तिथं हे होतं तर नव्या लीगमध्ये मालक कोण, पैसा कुठून येतो, हे विचारायला लाजायचं काहून?

आता कॉन्ट्रॅक्ट. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमात प्रोफेशनल खेळाडू म्हणजे ज्याच्याकडे लेखी करार आहे आणि ज्याला खेळायच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात. म्हणजे "राहणं-जेवण देतो, पगाराचं पुढच्या सीझनला बघू" हा प्रोफेशनल करार नाहीच. करार कमीत कमी सीझन संपेपर्यंतचा आणि जास्तीत जास्त 5 वर्षांचा, खेळाडू वयानं 18 च्या आतला असेल तर जास्तीत जास्त 3 वर्षांचाच, आणि त्याच्यासोबत आई किंवा बाबांनी बसून प्रत्येक पान वाचायचं. "मेडिकल पास झाला तरच करार लागू" अशी अट चालत नाही, मेडिकल आधी करून घ्या म्हणा, मग सही.

माझ्या करारात चौथ्या पानावर पगाराचा आकडा पेन्सिलनं लिहिलेला होता. बाकी सगळं टाइप केलेलं, तेवढीच जागा पेन्सिलची. मॅनेजर म्हणाला, ऑफिसला गेल्यावर पक्कं करतो, मागे तीन पोरं लाइनीत उभी, मी सही केली. नंतर हातात झेरॉक्स आली त्यात ती जागा कोरी होती. म्हणून सांगतो, आकडा टाइप केलेला पाहिजे, अक्षरी पण पाहिजे, आणि कोणत्या तारखेला जमा होणार ते पण पाहिजे. मॅच फी, बोनस, घरभाडं, जे जे तोंडी सांगितलं ते सगळं त्यात यायला पाहिजे.

पगार अडकला तर काय करायचं हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. फिफाचा नियम असा आहे की कमीत कमी दोन महिन्यांचा पगार ठरलेल्या तारखेला मिळाला नाही तर तुम्ही क्लबला लेखी नोटीस द्यायची, पैसे भरायला कमीत कमी 15 दिवस द्यायचे, तरी नाही दिले तर करार मोडायला ते योग्य कारण धरलं जातं. "सर पगार कधी" एवढ्या व्हॉट्सअॅप मेसेजच्या भरवशावर राहू नका. कोणता महिना, किती रुपये, करारातलं कलम कोणतं, हे लिहून ईमेल करा, स्पीड पोस्टानं पण पाठवा. मग एआयएफएफच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे जाता येतं. खेळाडूंची संघटना पण आहे, एफपीएआय, 2006 मध्ये सुरू झाली, बायचुंग भुतिया पहिला अध्यक्ष, त्यांना फोन करायला अजिबात घाबरू नका.

दुखापतीचं कलम मी पगाराच्या बरोबरीचं मानतो. आमचा एक डिफेंडर लिगामेंट फाटून घरी आला, एमआरआयपासून ऑपरेशनपर्यंत सगळं त्याच्या बाबांनी भरलं. इन्शुरन्स कोणाचा, ऑपरेशन आणि फिजिओचा खर्च कोण देणार, बरं होईपर्यंत पगार चालू का, हे तीनही लेखी घ्या.

बाकी लहानसहान. एका सीझनमध्ये जास्तीत जास्त तीन क्लबकडे रजिस्टर होता येतं आणि ऑफिशियल मॅच दोनच क्लबकडून खेळता येतात, इथल्या लीगमध्ये आधीच उतरला असाल तर मोजून घ्या. रेल्वेच्या नोकरीचं स्वप्न असेल तर नव्या लीगचं सर्टिफिकेट स्पोर्ट्स कोट्यात चालेलच असं धरू नका, कोणत्या स्पर्धा मोजतात ते भरतीच्या जाहिरातीत छापलेलं असतं, आधी ते वाचा.

आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली एक प्रत तिथल्या तिथे मागा. नंतर मेल करतो म्हणाले तर तिथंच बसून राहा, प्रत्येक पानाचा फोटो काढून घरच्यांना पाठवा, आणि ओरिजिनल किटबॅगमध्ये नाही, घरी कपाटात ठेवून मगच गाडीत बसा.