कुत्रा ओकतोय, थांबायचं की पळायचं: आधीच करून ठेवायची तयारी

कुत्र्याला उलट्या झाल्या की घरात मोजणी सुरू होते, दोन झाल्या का तीन, पण खरं बघायचं असतं ते दोन उलट्यांच्या मधे तो कसा आहे. गवत खाऊन पिवळा फेस काढला आणि लगेच शेपटी हलवत बिस्किट मागायला आला तर थांबता येतं. कोपऱ्यात जाऊन पडला, हाक मारली तरी मान उचलत नाही, तर एकच उलटी झालेली असली तरी दवाखान्यात निघा.

आता तयारी. नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर असतोच, रात्री कोण उघडं असतं ते मात्र आजच विचारा, कारण बोर्डावर "२४ तास" लिहिलंय म्हणजे रात्री डॉक्टर हजर असेलच असं नाही, त्यामुळे फोन करून एक्सरे आणि ऑपरेशन रात्री होतं का हेही विचारून घ्या. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, पण तुम्ही बोरिवलीला राहत असाल तर जवळचा दुसरा पत्ता हवाच. तीस किलोचा लॅब्रॅडॉर रिक्षावाला घेईलच असं नाही, तेव्हा कोणाची गाडी मागायची ते ठरलेलं बरं. लसीचं पुस्तक, शेवटचं वजन, चालू गोळ्यांचा फोटो, थर्मामीटर आणि जुनी चादर एका पिशवीत ठेवा. ओकणाऱ्या कुत्र्याला मझल (तोंडाची जाळी) घालू नका, उलटी श्वासात जाते.

तो ठणठणीत असताना एकदा त्याच्या हिरड्या बघून ठेवा. अंगठ्याने दाबलं की पांढरं होतं आणि दोन सेकंदात परत गुलाबी होतं. पांढऱ्या, निळसर किंवा पिवळ्या दिसल्या तर विचार करत बसायचं नाही. ताप गुदद्वारातून बघायचा, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट त्याचं नॉर्मल, म्हणजे आपल्याला ताप वाटेल तो आकडा.

सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे उलटीच न येणं. कुत्रा ओकाऱ्या काढतोय, लाळ गळतेय, बाहेर नुसता फेस, येरझारा घालतोय आणि पोट फुगून टणक झालंय, तर पोटात गॅस भरून जठराला पीळ बसलेला असू शकतो. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेनसारख्या मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत हे जास्त. पीळ ऑपरेशनशिवाय सुटत नाही आणि हातात थोडेच तास असतात, म्हणून ओव्याचं पाणी, डायजिन वगैरे काही नको, सरळ गाडीत.

उंदराचं औषध खाल्लं असेल तर तो अजून खेळत असला तरी न्या, पाकीट सोबत घ्या. काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाइड असेल तर पोटातल्या ॲसिडने विषारी गॅस होतो, म्हणून दूध-पोळी काही भरवू नका आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवा, तो गॅस आपल्यालाही बाधतो. वड्या-केकवाल्या प्रकारात रक्तस्राव काही दिवसांनी सुरू होतो, त्यामुळे आज बरा दिसतो यावर जाऊ नका. मिठाचं पाणी पाजून ओकवायचा सल्ला कोणीतरी देणारच, ऐकू नका, मिठाचीच विषबाधा होते. पॅरासिटामॉल, ब्रुफेनही नको.

मे-जूनमधे आंब्याची कोय. ती पोटात कितीतरी दिवस गप्प पडून राहते आणि मग आतड्यात अडकते, प्यायलेलं पाणीसुद्धा उलटून पडतं, शी होत नाही. सीझनला कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हीच तयारी.

लसी पूर्ण न झालेलं पिल्लू मलूल होऊन ओकतंय, घाण वासाचे रक्ताचे जुलाब होताहेत तर पार्वो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) समजूनच लगेच न्या. ऑपरेशन न केलेली मादी, माज होऊन महिना-दोन महिने झालेत, खूप पाणी पितेय आणि ओकतेय, तर गर्भाशयात पू असू शकतो, बाहेर काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. पावसाळ्यात उलट्यांसोबत डोळे पिवळे झाले तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, लघवीतून पसरणारा आजार) शंका घ्या, त्याची लघवी ग्लोव्हज घालूनच पुसा, तो आपल्यालाही होतो.

यातलं काहीच नसेल, कुत्रा मोठा आणि तरतरीत असेल तर आठ-दहा तास खाणं बंद, पाणी चमच्या-चमच्याने, मग बिनमिठाचा भात आणि उकडलेलं चिकन थोडं थोडं. पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नका, साखर उतरते. दुसऱ्या दिवशीही उलट्या चालूच असतील तर दवाखाना. निघताना उलटीचा फोटो काढा, वेळ लिहा आणि गाडीतूनच फोन करून कळवा.