ऑक्टोबरात पोराबाळांसह लेक डिस्ट्रिक्ट: या चुका टाळा

सप्टेंबर उजाडला की लेक डिस्ट्रिक्टसाठी, म्हणजे उत्तर-पश्चिम इंग्लंडमधल्या तळ्याडोंगरांच्या मुलखासाठी, फोन सुरू होतात. ऑक्टोबरअखेर इथल्या शाळांना आठवडाभराची सुट्टी असते, कॉटेज बुक झालेलं असतं आणि प्रश्न ठरलेला असतो: "पोरांना घेऊन स्केफेल पाइक होईल ना?" पोरांच्या पायात काय असणार, अंधार किती वाजता पडतो, पाऊस लागला तर काय करायचं, याचा पत्ता नसतो. शिखर मात्र पक्कं असतं. इंग्लंडमधलं सर्वांत उंच, ९७८ मीटर. "आमच्या कळसूबाईपुढे काय ते," हेही वर ऐकून घ्यावं लागतं. पायथ्याच्या सीथवेटहून निघालात तर साडेआठशे मीटरचा चढ आहे, आणि वर वाट अशी नाहीच, नुसता दगडधोंड्यांचा पसारा. पाच-सहा वर्षांच्या पोराला ऑक्टोबरात तिथे नेऊ नका. विषय संपला.

आता ज्या चुका दरवर्षी त्याच त्याच बघाव्या लागतात, त्यांच्याबद्दल.

"पाऊस आम्हाला काय नवा?"

हे वाक्य ऐकलं की मला पुढचा सगळा दिवस दिसायला लागतो. जुलैत राजमाचीला चिंब भिजून आलेल्या माणसाला वाटतं, पाऊस म्हणजे भिजायचं, भजी खायची आणि घरी येऊन डोकं पुसायचं. तो पाऊस उबदार हवेत पडतो. इथे ऑक्टोबरअखेर खोऱ्यातच आठ-दहा अंश असतात. चढताना दर शंभर मीटरला अर्धा ते एक अंश उतरतो, आणि वर वाऱ्याला अडवायला झाड नसतं. अंगातली ऊब उतरायला बर्फ पडावा लागत नाही. ओले कपडे, वारा आणि पाच-सहा अंश एवढं पुरतं.

सुती टी-शर्ट आणि जीन्स हे या हवेतले सर्वांत वाईट कपडे. सुती कापड पाणी पितं, धरून ठेवतं, अंगाला चिकटतं आणि वाळत नाही. मुलांचा जीव लहान असल्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात. आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक बाप विसरतो: पाठीवरच्या कॅरियरमध्ये बसलेलं बाळ चालत नसतं. बाबा घामाघूम झालेला असतो, जॅकेटची चेन उघडत असतो, आणि मागे बाळाचे हातपाय गारठलेले असतात. स्वतःला उकडतंय यावरून बाळाला काय होतंय ते ठरवू नका. दर अर्ध्या तासाने थांबून त्याच्या मानेला हात लावून बघा.

कुरकुर करणाऱ्या पोराची मला काळजी वाटत नाही. मघापासून रडणारं पोर एकदम गप्प झालं, अडखळायला लागलं, विचारल्यावर भलतंच बोललं, तर तिथेच थांबायचं. ओलं काढायचं, कोरडं घालायचं, टोपी चढवायची, गोड काहीतरी खायला द्यायचं आणि खाली वळायचं.

माझी पद्धत साधी आहे. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ बनियन, वर फ्लीस, त्यावर वॉटरप्रूफ जॅकेट आणि वॉटरप्रूफ पँट. पँट हवीच. नुसतं जॅकेट घातलं की वरचं सगळं पाणी मांडीवर उतरतं. शिवाय प्रत्येकाच्या नावाची एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि दोन जोड मोजे. पाऊस सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना पँटा चढवायच्या. पाऊस लागल्यावर चिखलात एका पायावर उभं राहून बूट काढणारी कुटुंबं मी भरपूर पाहिली आहेत, आणि त्यातल्या एकाचीही पँट आतून कोरडी राहिलेली पाहिली नाही.

छत्री घरी ठेवा. पोंचो पण. वाऱ्यात दोन्हींचं पतंगात रूपांतर होतं. आणि जॅकेट धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. कापडावरून पाणी ओघळवणारा लेप त्याने निकामी होतो, मग लोक जॅकेटवाल्याच्या नावाने खडे फोडतात.

घड्याळ

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, रविवारी पावणेपाचच्या. फोन आपोआप वेळ बदलतो, त्यामुळे कुणाच्या ध्यानातही येत नाही. सकाळी एक तास जास्त झोप मिळाली, एवढंच कळतं.

एका वर्षी आम्ही दोन घरांनी मिळून केझिक गावात सुट्टीपुरतं घर घेतलं होतं. आम्ही, आणि माझा मावसभाऊ, त्याची बायको, दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. नेमक्या त्या रविवारी माझ्या धाकटीला ताप आला, म्हणून आम्ही घरीच राहिलो. भावाने डर्वेंटवॉटर तळ्याची पूर्ण प्रदक्षिणा ठरवली होती. सोळा किलोमीटर, जवळजवळ सपाट, अॅप म्हणालं सव्वातीन तास. मी म्हटलं, तळ्याकाठच्या लोडोरपर्यंत जा आणि बसने परत या. पण पोहे झाले, दुसरा चहा झाला, आणि साडेअकराला स्वारी निघाली. धाकट्याच्या अंगात जीन्स. "सपाट तर आहे, डोंगर कुठाय?"

सहा वर्षांचं पोर तळ्याकाठून चालतं म्हणजे काय करतं? दर दहा पावलांना पाण्यात दगड टाकतं. लोडोरला पोचायला सव्वादोन झाले. तिथे बसथांबा होता, रस्ता होता, परत फिरायला हरकत नव्हती. पण "बरंच झालंय की आता" म्हणून पुढे निघाले. प्रत्यक्षात तिसरा हिस्साही धड झाला नव्हता.

तळ्याच्या दक्षिण टोकाला दलदल आहे आणि तिच्यावरून लाकडी फळ्यांची वाट जाते. दोन दिवस पाऊस झाला की तळं चढतं आणि फळ्या पाण्याखाली जातात. भाऊ पुढे पाणी किती आहे ते बघायला गेला, आणि त्याच्यामागे धावलेला धाकटा घसरून कमरेपर्यंत भिजला. वाट शोधण्यात अर्धा-पाऊण तास गेला. मग रस्त्याने ग्रेंज गावाकडे चालायला लागले. बस नुकतीच गेलेली. मला फोन करायचा तर ओल्या स्क्रीनला ओलं बोट कळेना, आणि स्क्रीन पुसायला कुणाच्याही अंगावर कोरडं काही नाही.

शेवटी कसाबसा फोन लागला. मी गाडी घेऊन पोचले तेव्हा चौघं ग्रेंजच्या दगडी पुलाशी उभी होती, अंधारून आलेलं. धाकट्याच्या हातात चॉकलेट होतं आणि त्याला त्याचा कागद फाडता येत नव्हता. बोटं वळतच नव्हती. रडत नव्हता, नुसता कागदाकडे बघत होता. मागच्या सीटवर वहिनीने आणि मी मिळून एकेक पाय ओढून ती जीन्स सोलून काढली, माझ्या फ्लीसमध्ये त्याला गुंडाळला आणि हीटर पूर्ण सोडला. केझिक यायच्या आत त्याने ताईशी भांडण उकरून काढलं, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

रात्री भाऊ म्हणाला, "नशीबच खराब." याचा मला जास्त राग आला. सूर्य किती वाजता मावळणार हे वर्षभर आधी छापलेलं असतं. त्यात नशीब कुठून आलं?

अॅपच्या वेळेबद्दलही सांगते. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला: पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. त्याच धर्तीचा हिशोब आजही सगळीकडे चालतो. तो धडधाकट, न थांबता चालणाऱ्या मोठ्या माणसाचा हिशोब आहे. त्यात शू, दगड, मेंढ्या, "मला उचल" यातलं काहीच धरलेलं नाही. सहा-सात वर्षांचं मूल बरोबर असेल तर मी तासाला दोन किलोमीटर धरते, थांबे धरून.

आणि आखणी सूर्यास्तापासून उलटी करते. सूर्यास्ताच्या दीड तास आधी गाडीशी किंवा बसथांब्याशी पोचायचं, त्यावरून परत फिरायची वेळ काढायची आणि तिचा गजर सकाळीच फोनवर लावून ठेवायचा. गजर वाजला की वळायचं, टोक समोर दिसत असलं तरी. पहिल्यांदा आलेल्यांना हे फार जाचक वाटतं. वाटू दे.

हवामान बघताना

"लेक डिस्ट्रिक्टचा पाऊस" असं काही नसतं. अटलांटिकवरून आलेले ढग मधल्या डोंगरांना अडतात आणि तिथेच रिकामे होतात. सीथवेटला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून तेरा-एक किलोमीटरवरच्या केझिकला त्याच्या निम्माही नाही, आणि पूर्वेला पेनरिथकडे आणखी कमी. म्हणून सीथवेटच्या बॉरोडेल खोऱ्यात धो धो कोसळत असेल तर घरात रुसून बसू नका, पूर्वेकडे जाऊन बघा. डोंगरावर जायचं असेल तर फोनवरचं सूर्य-ढगाचं चित्र बघून निघू नका. मेट ऑफिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज असतो. त्यात मी आधी वारा बघते, मग पाऊस.

मुसळधार दिवसासाठी केझिक ते थ्रेलकेल्ड ही जुन्या रेल्वेमार्गावरची वाट छान आहे. साधारण पाच किलोमीटर, पक्की, आणि परतायला बस. २०१५ च्या डेस्मंड वादळात तिचे पूल वाहून गेले होते, २०२० च्या डिसेंबरात ती पुन्हा खुली झाली. एअरा फोर्सचा धबधबा तर पावसातच बघावा. बाबागाडी असेल तर टार्न हाउझ तळं. उघडीप मिळाली तर बटरमियर तळ्याची प्रदक्षिणा, सात किलोमीटर, आणि तळं लहान असल्यामुळे आवाक्यातली.

बाकीच्या, थोडक्यात

कॅटबेल्स "लहान मुलांचा डोंगर" म्हणून सगळे सांगतात. ४५१ मीटरच आहे, पण वरच्या टप्प्यात हात टेकून चढायचा खडक आहे, लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेला. ओला असताना उतरताना मोठ्यांचीही फजिती होते.

नकाशा कागदी घ्या. केझिक-बटरमियरसाठी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल ४ क्रमांकाचा. बऱ्याच खोऱ्यांत फोनला रेंज नसते.

फोनचा टॉर्च हा टॉर्च नाही. डोक्याला बांधायचा दिवा, माणशी एक.

काही बस फक्त हंगामात असतात. उन्हाळ्यातलं वेळापत्रक बघून बेत आखू नका.

ओढा फुगला असेल तर ओलांडायचा नाही. "पलीकडे गाडी आहे" हे कारण होत नाही.

शिट्टी पोरांच्या गळ्यात हवी, सॅकच्या तळाशी नको. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं. फोन लागला तर ९९९, आधी पोलीस मागायचे आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. ही सगळी स्वयंसेवक माणसं आहेत, पैसे घेत नाहीत. म्हणून त्यांना टॅक्सीसारखं बोलावू नका.

घर घेताना खिडकीतून तळं दिसतं का, हे विचारण्याआधी ओले कपडे वाळवायला जागा आहे का ते विचारा. बूट हीटरला टेकवून वाळवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपायच्या आधी एकदा बदला.

नेचे (फर्न) लालसर झाले म्हणून त्यातली गोचीड गेली असं नाही. रात्री आंघोळीच्या वेळी पोरांच्या गुडघ्यामागे, काखेत आणि केसांच्या कडेला बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-बिल लावत बसायचं नाही.