न्यूयॉर्कमध्ये नववीची सरकारी शाळा निवडताना: मराठी घरांसाठी तयारीची यादी

न्यूयॉर्क शहरात हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. काही भागांत पत्त्यावरून ठरलेली शाळा असते, पण बहुतेक मुलांना आठवीत असताना पसंतीक्रम भरावा लागतो. चारशेहून अधिक सरकारी हायस्कूल आणि त्यांतले सातशेहून अधिक प्रोग्राम, म्हणजे शाळेतल्या वेगवेगळ्या अभ्यासशाखा, समोर असतात. एकाच इमारतीत एक प्रोग्राम गुणांवर तर दुसरा नुसत्या सोडतीवर भरत असेल, म्हणून यादीत शाळा नव्हे, प्रोग्राम लिहायचा असतो. अर्ज साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो, डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतो आणि निकाल मार्चमध्ये लागतो. त्या त्या वर्षीच्या नेमक्या तारखा मायस्कूल्स या पोर्टलवर पाहून लगेच कॅलेंडरवर टाका.

तयारी मात्र सातवीत सुरू व्हायला हवी. गुणांवर भरणारे प्रोग्राम इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र या चार विषयांचे सातवीचे अंतिम गुण पाहतात. त्यांच्या सरासरीवरून मुलांचे गट पडतात आणि वरच्या गटाला आधी जागा मिळते. आठवीत कितीही जोर लावला तरी हा गट बदलत नाही. ‘आठवीच्या दिवाळीत बघू’ म्हणणाऱ्या घरांचं इथेच नुकसान होतं. जूनमध्ये प्रगतिपुस्तक हातात आलं की चारही गुण तपासा. चूक दिसली तर ती शाळेच्या काउन्सेलरकडून दुरुस्त करून घ्या आणि ऑक्टोबरमध्ये पोर्टलवर दिसणारे गुण पुन्हा प्रगतिपुस्तकाशी ताडून बघा.

महाराष्ट्रातून नव्याने येणार असाल तर कागद निघण्यापूर्वीच गोळा करा. शाळा सोडल्याचा दाखला, सहावी-सातवीची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाची नोंद आणि मुलाचा पासपोर्ट लागेल. पत्त्याचे दोन पुरावे हवेत. भाडेकरार आणि अलीकडचं वीजबिल ही नेहमीची जोडी. आपल्याकडच्या प्रगतिपुस्तकावर पुष्कळदा नुसत्या अ-1, ब-2 अशा श्रेणी असतात, त्यावरून इथे सरासरी काढता येत नाही. म्हणून जुन्या शाळेच्या लेटरहेडवर विषयवार गुण इंग्रजीत लिहून, सही-शिक्क्यासह पत्र घ्या. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेचं ऑफिस गाठणं अवघड जातं, हे लक्षात ठेवा. इथे नाव घालताना घरातल्या भाषेबद्दलचा फॉर्म भरावा लागतो. त्यात मराठी लिहिलं तर मुलाशी बोलून, गरज वाटल्यास इंग्रजीची चाचणी घेतात. त्याला घाबरून ‘घरी फक्त इंग्रजी’ असं खोटं लिहू नका. मुलाला खरंच मदत हवी असेल तर हक्काचे इंग्रजीचे तास त्यामुळे हातचे जातात. अमेरिकेत येऊन चार वर्षांपेक्षा जास्त काळ न झालेल्या मुलांसाठी इंटरनॅशनल हायस्कूल म्हणून वेगळ्या शाळाही आहेत.

पोर्टलवर खातं उघडलं की मुलाच्या नावासमोर एक लांबलचक क्रमांक दिसतो. शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं मिळून तो बनलेला असतो. हाच सोडतीचा क्रमांक, आणि सगळ्या प्रोग्रामांना तोच लागू होतो. त्याचा अंदाज पहिल्या दोन खुणांवरून येतो. ए म्हणजे 10, बी 11, असं करत एफ म्हणजे 15. पहिल्या खुणेला 16 ने गुणा, दुसरी मिळवा आणि 256 ने भागा. क्रमांक 4सी ने सुरू होत असेल तर 4 गुणिले 16 अधिक 12, म्हणजे 76. भागाकार सुमारे 0.30. शंभरातली साधारण तीस मुलं तुमच्या पुढे आहेत. बी7 असेल तर 183 भागिले 256, म्हणजे सुमारे एकाहत्तर मुलं पुढे. जितका आकडा लहान तितकं चांगलं. क्रमांक मागचा निघाला तर निराश होऊन उपयोग नाही, पण यादी त्याप्रमाणे बांधा. निबंध किंवा स्वतःचं मूल्यमापन मागणारे प्रोग्राम घाला, कारण तिथे मुलाच्या कामालाही वजन असतं.

यादीत बारा जागा असतात. त्या सगळ्या भरा. पोर्टलवर प्रत्येक प्रोग्रामसमोर मागच्या वर्षी एका जागेला किती अर्ज आले ते दिसतं. बाराही ठिकाणी एका जागेला दहा-दहा अर्ज असतील तर ती यादी धोक्याची. तीन-चार प्रोग्राम असे हवेत जिथे जागेच्या मानाने अर्ज कमी आहेत किंवा तुमच्या पत्त्याला प्राधान्य आहे, आणि जिथे मुलाला पाठवायची तुमची खरोखर तयारी आहे. ‘एड ऑप्ट’ असा शेरा असेल तर तो प्रोग्राम वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तिन्ही स्तरांतली मुलं घेतो. सरासरी गुणांच्या मुलासाठी या जागा मोलाच्या आहेत, आणि मराठी पालक त्यांकडे पाहतही नाहीत याचं वाईट वाटतं.

क्रम लावताना डावपेच नकोत. 2003 पूर्वी इथली पद्धत अशी होती की दरवर्षी तीस हजारांवर मुलांना यादीत नसलेली शाळा मिळे. मग ॲल्विन रॉथ, अतिला अब्दुलकादिरोग्लू आणि पराग पाठक या अर्थशास्त्रज्ञांच्या मदतीने जुळणीची नवी पद्धत आली. रॉथ यांना पुढे 2012 चं नोबेल मिळालं. या पद्धतीत शाळेला तुमचा क्रम दिसत नाही. पहिल्या पसंतीला जागा मिळाली नाही तर दुसऱ्या ठिकाणी तुमचा विचार असा होतो, जणू तीच तुमची पहिली पसंती होती. त्यामुळे ‘अवघड शाळा वर लिहिली तर सोपीही हातची जाईल’ ही भीती खोटी आहे. उलट सोपी शाळा वर टाकली आणि ती मिळाली, की खालच्या आवडत्या शाळेचा विचारच होत नाही.

स्टायव्हसंट, ब्रॉन्क्स सायन्स, ब्रुकलिन टेक धरून आठ स्पेशलाइज्ड हायस्कूलांचा रस्ता वेगळा आहे. तिथे फक्त एसएचएसएटी या परीक्षेचे गुण चालतात, आणि त्यांची यादी या बारांत धरली जात नाही. परीक्षेची नोंदणी ऑक्टोबरमध्ये संपते, म्हणजे मुख्य अर्जाच्या कितीतरी आधी. सर्वांत जास्त चुकते ती हीच तारीख. 2025 पासून परीक्षा संगणकावर होते, म्हणून सराव कागदावर नको, पडद्यावर करा. कॅल्क्युलेटर चालत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. गणितात आपली मुलं तरतात, पण निम्मी परीक्षा इंग्रजी वाचनाची आणि लेखनातल्या दुरुस्त्यांची आहे. क्लासचा पैसा आणि वेळ तिकडे वळवा.

शाळा पाहायला जाल तेव्हा कॉलेजच्या तयारीबद्दल नेमकं विचारा. एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे, किती कोर्स पत्रकात आहेत, याऐवजी या वर्षी प्रत्यक्षात किती चालू आहेत, त्यांत कोणाला बसू देतात आणि मे महिन्यातल्या परीक्षेत किती जणांना पाचपैकी तीन किंवा जास्त मिळतात, हे विचारा. गणिताची साखळी मांडून घ्या: अल्जिब्रा एक, जॉमेट्री, अल्जिब्रा दोन, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. पाच पायऱ्या आणि वर्षं चार. आठवीत अल्जिब्रा एक झालेला नसेल तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठायला एका वर्षात दोन कोर्स घ्यावे लागतात. ते ही शाळा करू देते का? आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती बरोबरीने शिकवतात, त्यामुळे तिकडून आलेल्या मुलाला नववीत पुन्हा अल्जिब्रा एकमध्ये बसवलं जाण्याचा संभव असतो. प्रवेश नक्की होताच, जूनमध्येच, गणिताची पातळी तपासणारी चाचणी घ्यायची विनंती लेखी करा. बार्ड हायस्कूल अर्ली कॉलेजसारख्या शाळेत मूल हायस्कूलबरोबरच दोन वर्षांची कॉलेज पदवी मिळवू शकतं. इतर अनेक शाळांतून क्युनी या शहराच्या सरकारी विद्यापीठाचा ‘कॉलेज नाऊ’ हा मोफत कार्यक्रम चालतो, त्याचीही चौकशी करा. एच-4 व्हिसावरच्या (एच-1बी वर आलेल्यांच्या) मुलांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची शिक्षणमदत मिळत नाही, म्हणून हायस्कूलमध्ये कमावलेलं प्रत्येक कॉलेज क्रेडिट त्यांच्या घराला जास्त उपयोगाचं.

जाण्यायेण्याचा वेळ नकाशावर पाहून ठरवू नका. सकाळी सातच्या सबवेने मुलाला घेऊन एकदा प्रत्यक्ष जा. शहराच्या ओम्नी विद्यार्थी कार्डावर दिवसाला चार फेऱ्या मोफत आहेत, पण रोजचे तीन तास झोपेतून जातात.

मार्चमध्ये जी शाळा मिळेल तिच्यापेक्षा यादीत वर लिहिलेल्या प्रोग्रामांच्या प्रतीक्षायादीत नाव आपोआप लागतं. मिळालेली जागा स्वीकारल्याने ते नाव निघत नाही, म्हणून चांगल्याची वाट पाहत स्वीकृतीची मुदत जाऊ देऊ नका. जागा पुढे कित्येक आठवडे सुटत राहतात, तोवर पोर्टलवरचा ईमेल आणि फोन नंबर चालू ठेवा. भारताचा नंबर तिथे राहिला असेल तर आजच बदला.