तारीख मागे गेली आणि एक्स्पायरीचा इशाराच बंद

खानापुरात आमचं मेडिकल आहे. पावसाळ्यात करंट गेला की दुकानातला जुना कॉम्प्युटर परत सुरू होताना थेट २००९ साल दाखवायचा. बिलावर तारीख चुकते, एवढंच वाटत होतं. मग एका आजींना रक्तदाबाच्या गोळ्या देताना सवयीनं स्ट्रिप उलटून पाहिली. मुदत गेल्या महिन्यातच संपलेली आणि सॉफ्टवेअर गप्प! काळजात धस्स झालं. ते बॅचची मुदत कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडून बघतं. त्याच्या लेखी २००९ चालू, म्हणजे सगळा माल ताजा.

दुरुस्ती साधी निघाली. प्लग काढून डबा उघडला, करंट नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटन सेल बदलला, बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, तारीख-वेळ भरली. कपाटातली प्रत्येक स्ट्रिप मात्र हातानं तपासली, आणि एच१ रजिस्टरच्या, म्हणजे काही अँटिबायोटिक, टीबीची आणि सवय लागणारी अशी ठरावीक औषधं विकल्याच्या वहीच्या, नोंदीसुद्धा. ते ३ वर्षं जपावं लागतं.

विंडोज ७ चे मोफत सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, म्हणून या मशीनला इंटरनेट जोडत नाही. रोज रात्री पेनड्राइव्हवर बॅकअप घेतो. शेवटच्या बिलापेक्षा मागची तारीख दिसली तर बिलच अडवा, असं सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलंय.